पांढरं आभाळ

जळकोट कुठंय असं पुण्यात कुणी विचारलं की मी आधी ‘उदगीरजवळ’ म्हणतो. उदगीर माहीत नसेल तर ‘लातूर’. लातूर म्हटलं की समोरच्याची मान हलते. “ते रेल्वेनं पाणी आणलं होतं तेच ना?” हो, तेच. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन गाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्याचा एकच फोटो देशभर फिरत होता: रुळांवर उभ्या टाक्या आणि पुढं माणसांची गर्दी. फोटो खरा होता, तरी मला त्याचा राग यायचा. आमच्याकडं बालाघाटाचे फाटे आहेत, तिरू नदी आहे, पावसाळ्यात पोपटी होणारे माळ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो. हे कुणी बघितलंच नव्हतं. ते दाखवायचं म्हणून नोकरी लागल्यावर मी फोटो काढायला लागलो.

पहिले दोनेक वर्षं काढलेले फोटो आता बघवत नाहीत. क्षितिज हमखास डावीकडं कललेलं, जणू सगळं जळकोट तेलंगणाकडं घसरतंय. झाड बरोबर मधोमध. वेळ भर दुपारची, कारण गावी गेल्यावर मी उठायचोच उशिरा. ऑफिसात फोटोग्राफीचं वेड असलेल्या सात-आठ जणांचा आमचा एक ग्रुप आहे. दर महिन्याच्या शेवटी कँटीनमध्ये बसून एकमेकांचे फोटो फाडायचे, हा तिथला रिवाज. तिथं मी बरंच शिकलो. क्षितिज सरळ धर. सकाळी लवकर जा. समोर काहीतरी असू दे, दगड, वाट, बांधावरचं गवत, म्हणजे नजर आत शिरते. हिरवा रंग वाढवू नकोस, सोयाबीन प्लॅस्टिकचं दिसतं. हे सगळं हळूहळू सुधारलं. एक तक्रार मात्र दर महिन्याला यायची: “तुझं आभाळ मेलेलं असतं.”

खरंच असायचं. माझ्या फोटोंत जमीन दिसायची, झाडं दिसायची आणि वरचा अर्धा भाग कोऱ्या कागदासारखा पांढरा. ग्रुपमधल्या एका सीनियर बाईंनी चांगला सल्ला दिला होता: आभाळात काही नसेल तर आभाळ घेऊच नकोस, क्षितिज वर ने, जमीन दाखव. तो मी ऐकला नाही. दुसऱ्या एकानं ॲप सुचवलं. त्यात आभाळ बदलता येतं.

१३ ऑगस्ट २०२३. तो ऑगस्ट आठवत असेल. देशभरात १९०१पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. मी सुट्टीला जोडून आठवडाभर गावी होतो, घरूनच काम करत होतो. सोयाबीन फुलात होतं आणि पाऊस गायब. नुसतं वारं सुटलेलं, ढगांची पिंजलेली कापसं इकडून तिकडं पळताहेत, थेंब नाही. तात्या, म्हणजे माझे चुलते, काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला होते. मी दुपारी रानात गेलो आणि बांधावरच्या बाभळीसह रानाचा एक फोटो काढला. रचना पहिल्यांदाच जमली होती. आभाळ नेहमीप्रमाणं पांढरं. संध्याकाळी ओसरीत बसून ॲपमध्ये तीन-चार आभाळं लावून बघितली आणि त्यातलं सगळ्यात काळंभोर ठेवलं. गच्च भरलेलं, आता कोसळेल असं. फोटो एकदम जिवंत झाला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, लगेच अंगठे आले. त्याच झटक्यात घरच्या ग्रुपवरही टाकला. खाली काही लिहिलं नाही.

तात्यांनी तो लातूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात बघितला. मला फोन केला नाही. का करतील? फोटो समोर होता. त्यांनी फोन केला काकूंच्या भावाला. त्यांचा तुषार संच, पाइप आणि नोझल, दुसऱ्या दिवशी आमच्या रानात यायचा होता. आमच्या विहिरीत होतं तेवढं पाणी फुलातल्या सोयाबीनला द्यायचं ठरलं होतं. तात्या मेव्हण्यांना म्हणाले, आमच्याकडं आभाळ उतरायलंय, दोन दिवस थांबू, तोवर दुसऱ्या कुणाला लागला तर द्या. मेव्हण्यांचं गाव मुखेडकडं. पावसाळ्यात एका शिवारात पडतो आणि पुढच्यात नाही, त्यामुळं त्यांनाही शंका आली नाही. संच दुसऱ्याकडं गेला. परत मिळायला सहा दिवस लागले. तोवर फुलं गळली होती.

“फोटो बघून म्या थांबलो बाबा,” एवढंच तात्या म्हणाले. किती नुकसान झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोती मोजायच्या वेळी मी पुण्यात होतो.

त्यानंतर काही महिने मी फोटो काढले नाहीत, पण बघत राहिलो. आपल्या भागाचे जुने फोटो शोधायला लागलो, आणि शोधता शोधता एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. जुन्या फोटोंतलं आभाळही मेलेलं होतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तेव्हा आमच्या मुलखाच्या जुन्या फोटोंचा माग काढायचा तर मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादकडं बघावं लागतं. तिथं पहिलं नाव भेटतं लाला दीनदयाळ यांचं. जन्म १८४४चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. आणि शिक्षण? रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग! इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी, एस्टिमेट आणि ड्रॉइंगचं काम. १८७४च्या सुमाराला, तिशीत, कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढं मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारात नेमणूक, ‘राजा मुसव्विर जंग’ ही पदवी, सिकंदराबाद आणि मुंबईत स्टुडिओ. सरकारी नोकरी त्यांनी सोडून दिली. (हे मी घरी सांगितलेलं नाही.)

दीनदयाळांनी वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद इथले फोटो काढले. शतक संपता संपता दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्या स्टुडिओनं औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकार्याचेही फोटो काढले. ते मोबाइलवर बघताना मी सवयीनं दोन बोटांनी मोठे करून आभाळ बघितलं. काही नाही, कोरं. मग दौलताबाद काढला. कोरं. दुष्काळातलं आभाळ कोरं असणारच, पण किल्ल्यावरचंही तसंच. महिना कुठला, पाऊस येऊन गेला की यायचाय, यातलं वर बघून काही कळायला मार्ग नाही. आमच्याकडं म्हणतात, मघा नाही पडल्या तर वर बघा. या फोटोंत वर बघून उपयोग नव्हता.

कारण रसायनात होतं. काचेवर कोलोडियन पसरून फोटो काढायची पद्धत १८५१मध्ये आली. पुढं जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, तरी त्यांचा एक दोष बराच काळ राहिला. त्यांना निळा रंग फार दिसायचा आणि हिरवा-तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. आपल्या डोळ्यांना जे आभाळ निळं आणि त्यावरचे ढग पांढरे, ते काचेला दोन्ही सारखेच झगझगीत. जमिनीवरची झाडी उमटावी म्हणून काचेला पुरेसा वेळ उजेड दाखवायचा, तेवढ्यात आभाळ जळून जायचं. आभाळाला जपावं तर झाडी काळी ठिक्कर. म्हणजे दीनदयाळांच्या काचेचा आणि माझ्या फोनचा आजार वेगळा, पण लक्षण एकच. फोनचा सेन्सर रंग ओळखतो, तो कमी पडतो उजेडाच्या फरकाला. भर दुपारचं आभाळ आणि बाभळीखालची माती या दोघांना एका दमात सामावून घेणं त्याला झेपत नाही.

या दोषाबद्दलची चर्चा भारतात पार सुरुवातीपासूनची असणार, कारण आमच्या कँटीनसारखी बैठक तेव्हाही होती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४मध्ये सुरू झाली, भारतातली पहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतरच्या. सभासद बैठकीला आपापले फोटो आणायचे. संस्थेचं स्वतःचं नियतकालिक होतं. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी या मंडळींत होते. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईत स्टुडिओ चालवणारे नावाजलेले फोटोग्राफर झाले. इथल्या हवेनं त्यांना काय छळलं असेल याचा अंदाज करता येतो. ओलं कोलोडियन सुकायच्या आत काच कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन, लगेच अंधारात धुवायची असते. आपल्या उन्हाळ्यात ते किती मिनिटं ओलं राहील? म्हणून भारतात फिरून फोटो काढणारे बरेच जण काच सोडून मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवरच बराच काळ टिकून राहिले.

त्याच काळात कंपनी सरकारचा कॅमेऱ्यावर विश्वास बसत चालला होता. चित्रकाराला वेळ लागतो, पैसा लागतो आणि तो मनचं घालतो. कॅमेरा आहे तेच दाखवतो. १८५५मध्ये मुंबई सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळेकडं फोटो काढायला नेमलं. अजिंठ्यात चित्रांच्या नकला करत १८४४पासून मुक्काम ठोकलेला रॉबर्ट गिल, पारोच्या गोष्टीमुळं आपल्याला माहीत असलेला तोच, त्यानंही पुढं कॅमेरा हातात घेतला. त्याच्या वर्षानुवर्षांच्या नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. फोटो मात्र राहिले.

‘आहे तेच दाखवतो’ हे वाक्य मला आता वाचवत नाही. कारण आभाळाच्या बाबतीत कॅमेरा आहे ते दाखवतच नव्हता, आणि हे फोटोग्राफरांना पक्कं माहीत होतं. मग त्यांनी काय केलं? काहींनी कोऱ्यातले डाग जावेत म्हणून निगेटिव्हवरचं सगळं आभाळच काळ्या रंगानं भरून टाकलं. छापल्यावर ते स्वच्छ, एकसारखं पांढरं यायचं. म्हणजे जे थोडंफार उमटलं असेल तेही पुसायचं! दुसरा मार्ग लिनिअस ट्रिपचा. हा मद्रासच्या सैन्यातला अधिकारी, १८५५मध्ये ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर फोटोग्राफर म्हणून गेला. त्याच्या फोटोंतले पॅगोडे भव्य आहेत आणि त्यांच्यावर ढगही आहेत. ते ढग त्यानं निगेटिव्हवर रंगानं काढलेले आहेत, हातानं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेनं त्याच सुमाराला तिसराच उपाय काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी, दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. लोक थक्क झाले. त्याच्या दोन वेगळ्या समुद्रांवर एकच आभाळ आहे, हे नंतरच्या लोकांनी ढग ताडून ओळखलं.

हे वाचलं त्या रात्री मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. ओसरीत बसून मी जे केलं होतं ते एका फ्रेंच माणसानं १८५६-५७मध्ये करून ठेवलं होतं. शिवाय त्यानं निदान आभाळ स्वतः जाऊन टिपलं होतं. माझं आभाळ कुठल्या देशातलं, कुणी टिपलेलं, हे मला आजही माहीत नाही.

खरा इलाज यायला वेळ लागला. हेरमान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला १८७३मध्ये कळलं की काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला हिरवाही दिसायला लागतो. १९०६च्या सुमाराला सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या. भिंगापुढं पिवळी काच धरली की निळा थोडा दबतो आणि ढग उठून दिसतात. तेव्हा कुठं आभाळ फोटोत आपल्या पायांनी आलं. पुढची गोष्ट आमच्या धंद्यातली. आता फोनवर एक बटण दाबलं की मागं झटपट कित्येक फ्रेम घेतल्या जातात आणि सॉफ्टवेअर त्यातलं आभाळ, त्यातली माती जोडून एक फोटो देतं. ते सगळं त्याच जागेचं, त्याच क्षणाचं असतं, म्हणून मी त्याला खोटं म्हणत नाही. कोड लिहिणारा माणूस असल्यानं असं म्हणणं मला सोयीचंही आहे, हे कबूल.

त्या वर्षी दिवाळीला तात्यांना हे जुने फोटो दाखवले. दीनदयाळांचे, गिलचे, ट्रिपचे. फोन लांब धरून, चष्मा कपाळावर नेऊन, त्यांनी एकेक बघितला. मला वाटलं होतं, पांढऱ्या आभाळाबद्दल ते काहीतरी बोलतील. त्यांनी वर बघितलंच नाही. ते सावल्या बघत होते. भिंतीची सावली, झाडाखालची सावली, मग गवत किती वाळलंय, मग झाडाला पानं किती. एका फोटोला ‘चैत’ म्हणाले, एकाला ‘दिवाळीच्या म्होरं’. बरोबर की चूक, तपासायचं कसं? पण ज्या फोटोंमधला महिना ओळखणं मी सोडून दिलं होतं, तो ओळखता येतो हे त्यांनी धरूनच चालवलं होतं.

मग त्यांनी स्वतःच विचारलं, “तुजा तो कुटाय?”

मी काढून दिला. दवाखान्याच्या व्हरांड्यात एकदा बघितलेला फोटो त्यांनी आता बोटांनी मोठा करून बघितला, बराच वेळ.

“ही बाभळीची सावली बग. कशी काळी कुळकुळीत, काटा न् काटा दिसायलाय. एवढं आभाळ दाटल्यावर सावली पडती व्हय रं?”

फोटो कँटीनमध्ये आठ जणांनी बघितला होता. कुणालाच सावली दिसली नव्हती. मलाही नाही, आणि मी तर तिथं उभा होतो.

“तवाच बगायला पायजे होती म्या,” तात्या म्हणाले. चूक त्यांची असल्यासारखं.

ॲप मी काढून टाकलं, यात मोठेपणा काही नाही. फोटो मात्र ठेवलाय, दोन्ही, पांढऱ्या आभाळाचा आणि काळ्या. ग्रुपमधल्या त्या सीनियर बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी जुना सल्ला पुन्हा दिला, आणि आता मी तो बऱ्याचदा पाळतो. क्षितिज वर नेतो. जमीन भरपूर असते, ढेकळं, भेगा, पाऊलवाट, आणि वर आभाळाची एक पट्टी, जशी असेल तशी. या फोटोंना अंगठे कमी येतात. एकानं विचारलं, मूड कुठं गेला? मूड जळकोटला होता, मी त्याला म्हणालो. त्याला ते कळलं नसावं.

मधल्या काळात तात्याच फोटो काढायला लागले होते, माझ्यामुळं नव्हे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि पेरा सातबाऱ्यावर चढतो. पहिल्या वर्षी मी शिकवलं, पुढं त्यांचं ते करायला लागले. मग सवयच लागली. रोज नाही, पण पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी मला रानाचा एक फोटो येतो. कोपऱ्यात त्यांचा अंगठा. क्षितिज कललेलं, माझ्यापेक्षा जास्त. वेळ कुठलीही. खाली एखादा शब्द: ‘वारं’, ‘उघाड’, ‘झड’. मी त्यात काही सुधारणा सुचवलेली नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसानं गावं पाण्याखाली गेली, माणसं गेली. आमच्या रानातही सोयाबीन पाण्यात उभं होतं. त्या सकाळी तात्यांनी पंचनाम्यासाठी म्हणून फोटो काढले आणि मलाही पाठवले. तीच बाभूळ, तोच बांध, मी दोन वर्षांपूर्वी उभा होतो जवळजवळ तीच जागा. सोयाबीनच्या ओळींत गढूळ पाणी. बाभळीखाली सावली अजिबात नाही. आणि वरचा अर्धा भाग पांढरा, कोऱ्या कागदासारखा.

मी फोन लावला. म्हटलं, तात्या, आभाळ कसंय?

“फोटोत हाय की,” ते म्हणाले. “तसंच हाय.”